पडद्यासाठी रचलेलं अशुभ दफनस्थळ: पुस्तकात नसलेली थडगी बांधायची कशी?

काळाकातळ (धागाकर्ते)

'हॉबिट'वरच्या तीन सिनेमांपैकी दुसऱ्यात (२०१३) हाय फेल्स नावाची जागा आहे. रूडाउरच्या डोंगरात, उभ्या कड्याच्या पोटात नऊ थडगी, नाझगूल म्हणजे शत्रूच्या नऊ भूतरूपी चाकरांची. पहिल्या सिनेमात (२०१२) रिव्हेंडेलच्या बैठकीत तिचा फक्त उल्लेख येतो. मॉर्गूल सुरा (नाझगूलांच्या म्होरक्याचं, विच-किंगचं हत्यार) टेबलावर ठेवला जातो आणि ज्याच्याबरोबर तो पुरला होता त्या विच-किंगचं थडगं उघडणं शक्यच नाही, असं बोललं जातं. पुढच्या भागात जादूगार गँडाल्फ कड्यावरच्या अरुंद पायऱ्या चढून तिथे पोचतो, तर लोखंडी गज वाकलेले आणि आत कोणी नाही. मोजून काही मिनिटांचा प्रसंग, पण लक्षात राहतो.

ही जागा टोल्कीनच्या पुस्तकात नाही, सिनेमासाठी रचलेली आहे. आपल्याकडेही आता कादंबऱ्यांची फॅन्टसी रूपांतरं करायची चर्चा असते, तेव्हा दोन गोष्टींवर लिहूया. अशी जागा मुळात रचायची कशी, आणि गोरेगावच्या एखाद्या स्टुडिओ फ्लोअरवर ती उभी करायची तर मापं काय, साहित्य किती, कुठे फसतं. 'माझ्या सेटवर एकदा काय झालं' हे दुसऱ्या धाग्यावर. इथे आकडे आणि कारणं.

वाचनवेडी

आधी गफलत कुठे आहे ते मांडते, म्हणजे पुढे रचताना उपयोगी पडेल.

पुस्तकातले नाझगूल कधी मेलेच नाहीत. नऊ अंगठ्या घातलेले माणसांतले राजे, मांत्रिक आणि योद्धे झिजत झिजत अदृश्य झाले, त्यांना मरण आलं नाही. मग पुरणार काय? अँगमारच्या विच-किंगचा पराभव फोर्नोस्टच्या लढाईत झाला, तिसऱ्या युगाच्या १९७५ साली, आणि तो तिथून पळाला. हा कुणा पुरुषाच्या हातून मरणार नाही, ही ग्लोरफिंडेल या एल्फची प्रसिद्ध भविष्यवाणी याच वेळची. १९८० साली तो शत्रूच्या मुलखात, मॉर्डोरमध्ये पोचलेला आहे. म्हणजे मध्ये पाच वर्षं. त्यात मरायचं, डोंगर खोदून पुरून घ्यायचं आणि बाहेरही यायचं, हे हिशेबात बसत नाही.

पण बी अगदीच परकं नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात असं येतं की अँगमार आणि रूडाउरमधून आलेली दुष्ट भुतं ओसाड पडलेल्या थडग्यांच्या टेकड्यांमध्ये शिरून राहिली. तेच बॅरो-डाउन्स, जे २००१च्या सिनेमात गाळलं होतं. रूडाउर, थडगी आणि भुतं हे तीन शब्द तिथे एकत्र आहेतच. पटकथेनं ते उचलून दुसरीकडे लावले, असं मला दिसतं. दिसतं म्हणतेय, कुणी कबुली दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

काळाकातळ

बरोबर. मात्र सिनेमाला तिथे एक काम करून घ्यायचं होतं. 'शत्रू परत येतोय' हे संवादातून सांगण्याऐवजी रिकामी जागा दाखवून सांगायचं. पुस्तकाचा भंग झालाच, पण दृश्य म्हणून काम झालं.

परांची

रचनेचं सूत्र माझ्या मते एकच. थडगं दोन कारणांनी बांधतात. गेलेल्याचा मान राखायला, नाहीतर गेलेला परत येऊ नये म्हणून. अशुभ जागा हवी असेल तर पहिल्यातली प्रत्येक खूण काढायची आणि दुसऱ्यातली घालायची. कवट्या, वटवाघळं, फाटके झेंडे काही लागत नाही.

म्हणजे प्रत्यक्षात असं:

कडी बाहेरून. एरवी गाभाऱ्याला, घराला, तिजोरीला कडी असते ती आतलं वाचवायला. इथे आतल्यापासून बाहेरच्यांना वाचवायचं आहे. त्यामुळे अडसर, पाचर, शिसं ओतलेली खाच, सगळं वाटेच्या बाजूला.

नाव नाही, मूर्ती नाही. ज्याला विसरायचं त्याचं नाव कोण कोरेल?

वाहण्याची जागा नाही. दिव्याचा कोनाडा, फुलांचा ओटा, पाण्याची पन्हळ यातलं काहीही दिसलं की प्रेक्षकाला वाटतं इथे कोणीतरी प्रेमानं येत असे. सेट ड्रेसिंगवाला सवयीनं पणत्या ठेवतो. त्या उचलायच्या.

वाट फक्त जाण्यापुरती. पायऱ्या अडीच फूट रुंद ठेवल्या की साडेसहा फुटांची तिरडी वळणावर फिरत नाही. मग प्रेत नेलं कसं? उभं, कुणाच्या तरी पाठीला बांधून. म्हणून खणही उभे. हे संवादात सांगायचं नाही, पण मापं अशी ठेवली की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि का आला ते त्याला कळत नाही.

घाई दिसली पाहिजे. खणाच्या तळाशी छिन्नीचे घाव समांतर, नेटके. वर जाताना ते तिरपे आणि खोल होत जातात. खोदणाऱ्यांना तिथून लवकर निघायचं होतं.

गधेगळ

परांची यांच्या सूत्राला इथल्या मातीतला भक्कम आधार आहे, उगाच युरोपातल्या क्रिप्ट बघत बसू नका.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावचं ताम्रपाषाणयुगीन गाव डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे माणसं घराच्या जमिनीखालीच पुरत, आणि बऱ्याचशा प्रौढांचे पाय घोट्याजवळ तोडलेले सापडले. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून तसं केलं असावं, असा अर्थ लावला जातो. लहान मुलं मात्र दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली. आणि एक दफन तर चार पायांच्या मातीच्या कुंभात बसवलेल्या माणसाचं आहे, त्याचे पाय शाबूत. कुणाचे पाय तोडायचे आणि कुणाचे ठेवायचे, हा भेद स्वतःच एक पटकथा आहे.

उभं किंवा बसलेलं दफन आपल्याला परकं नाही. लिंगायत, नाथ, गोसावी यांच्यात बसवून समाधी देतात. पण ती आदराची आहे, म्हणून तिची नक्कल करू नका. फक्त एवढं घ्या की आडवं निजवणं ही विश्रांती असते. उभं ठेवलेल्याला विश्रांती दिलेली नाही.

बांधून टाकण्यासाठी आपल्याकडे खिळा आहे. झाडाला खिळा ठोकून भूत जखडतात, बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतात. उंबऱ्यात ठोकलेली खिळ्यांची रांग ही मराठी प्रेक्षकाला मंत्रतंत्राच्या कुठल्याही चिन्हापेक्षा लवकर कळेल.

शिलालेख हवाच असेल तर गधेगळाची, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या कोरीव दगडाची मांडणी पाहा. वर सूर्यचंद्र, मध्ये लेख, खाली शापाचं शिल्प. शिलाहारांच्या काळातले असे दगड कोकणपट्टीत बरेच आहेत. जोवर सूर्यचंद्र तोवर हे बंधन, आणि जो मोडेल त्याला शाप, हा आशय आयता मिळतो.

परांची

गधेगळ, कल्पना उत्तम, पण खालचं शिल्प पडद्यावर दाखवता येणार नाही. सेन्सॉर सोडा, घरची मंडळी शेजारी बसलेली असतात.

गधेगळ

मांडणी घ्या म्हटलं, शिल्प नाही. तिसरा चौकोन छिन्नीनं खरवडून टाकलेला दाखवा. शाप कुणीतरी मुद्दाम पुसलाय, हे जास्त भयंकर.

आणि लिपी खरी वापरू नका. देवनागरी, मोडी, ब्राह्मी वाचणारे लोक आहेत, ते पॉज करून वाचतात. बारा-पंधरा खुणांची एक बनावट लिपी करा आणि तिच्यात एक ठराविक वाक्यच पुन्हा पुन्हा लिहा. कशाही रेघोट्या मारल्या की त्या रेघोट्याच दिसतात, कारण खऱ्या लेखात तीच अक्षरं परत परत येतात.

चुनाभट्टी

आता बांधकाम. हिशेबासाठी गोल विहिरीसारखी जागा धरतो.

आतला व्यास २४ फूट, म्हणजे परीघ साधारण ७५ फूट. नऊ खण, दर ८ फूट ४ इंचांवर एक. खण ३ फूट रुंद, ७ फूट उंच, अडीच फूट खोल. भिंत १६ फूट. खाली ४ फुटांचा प्लॅटफॉर्म, कारण जमिनीत खड्डा दाखवायचा तर फ्लोअर खोदता येत नाही, सगळा सेटच उचलावा लागतो. झाले २० फूट. तराफा (लाइट टांगायची वरची फळ्यांची चौकट) ३० फुटांवर असेल तर लाइटला १० फूट उरतात, तेवढे पुरेत. तराफा २४ वर असेल तर भिंत १२ फुटांची करा आणि वरचं व्हीएफएक्सवर (मागून जोडायच्या संगणकी चित्रावर) सोडा. चार फुटांत लाइट अडकवून वर थर्माकोल तापवू नका.

दोन खणांची मिळून पावणेसतरा फुटांची भिंत काढती ठेवायची, दोन तुकड्यांत, चाकांवर. गोल जागेत कॅमेरा एकदा आत अडकला की मागे सरकायला जागा नसते. सांधा मात्र खणाच्या मध्यावर नको. दोन खणांमधल्या दगडाच्या उभ्या भेगेत लपवा.

थर: मागे लाकडी चौकट आणि परांची, त्यावर सहा इंची थर्माकोल, तापलेल्या तारेनं ढोबळ काप, मग वायर ब्रश. त्यावर पीओपी आणि काथ्या, सरासरी ८ मिलिमीटर.

पीओपीचा अंदाज इथे चुकतो. लोक ७५ गुणिले १६ करून १,२०० चौरस फूट धरतात. खणाच्या आतल्या बाजू कोण मोजणार? प्रत्येक खणात पाठ २१, दोन्ही बाजू ३५ आणि छत साडेसात असे साधारण ६३ चौरस फूट. उघड्या तोंडाचे २१ वजा केले तरी खणामागे ४२ वाढतात. नऊ खणांचे ३७८. म्हणजे एकूण सुमारे १,५८० चौरस फूट, १४७ चौरस मीटर. चौरस मीटरला ८ किलो कोरडी पावडर धरली तर १,१७५ किलो. वाया जाणारं १५ टक्के धरून २५ किलोच्या ५४-५५ गोणी.

पावसाळ्यात गोणी जमिनीवर टेकवून ठेवू नका. दमट हवेत पावडर आधीच पाणी ओढते, मग ती कधी भराभर आवळते, कधी आवळतच नाही, आणि आवळली तरी बोटानं पूड निघते. प्रत्येक लॉटमधली मूठभर कालवून बघायची. १०-१५ मिनिटांत हाताला गरम लागून घट्ट झाली नाही तर ती गोणी परत. वेळ वाढवायला पाण्यात थोडा सरस चालतो.

दुसरी चूक म्हणजे वाळायच्या आत रंग. जुलैत पंखे लावूनही चार-पाच दिवस जातात. वरून कोरडं दिसतं, रंग बसतो आणि लाइटच्या उष्णतेनं आतली ओल निघताना पापुद्रे सुटतात. सगळे सुटतात ते बरोबर क्लोजअपच्या जागी.

नवा_मेंबर

थर्माकोलवर पीओपीऐवजी थेट फायबर (काचतंतूंची मॅट आणि रेझिन) मारलं तर? वजन कमी होईल आणि वाळण्याची भानगड नाही.

फायबरवाला

थेट मारलंत तर सकाळी कडा नाही, खड्डा सापडेल. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन. एक दुसऱ्याला विरघळवतं. थिनरचे रंग आणि स्प्रेचे डबे यांचंही तेच. मध्ये पीओपीचा सलग थर हवा, किंवा मग इपॉक्सी, जे महाग पडतं.

चुनाभट्टी यांच्याशी माझा मतभेद खणांपुरता आहे. नऊ खण जागेवर कोरण्यापेक्षा साचा करून फायबरमध्ये ओतावेत. भिंत पीओपीची राहू द्या. मग पीओपी लागतं फक्त १,०११ चौरस फुटांना, म्हणजे ३५ गोणी. वीस गोण्या वाचल्या आणि वाळवण्याचे दिवसही.

एका खणाला कडेची पट्टी धरून साडेसहा चौरस मीटर. ४५० ग्रॅमच्या चॉप मॅटचे दोन थर म्हणजे ६ किलोला थोडी कमी मॅट, तिच्या अडीचपट म्हणजे साडेचौदा किलो रेझिन, वर तीन-सव्वातीन किलो जेलकोट. खण भरतो २४ किलोचा, दोन माणसं सहज उचलतात. नऊ खणांना रेझिन १३० किलोंच्या आसपास.

साचा काढताना दोन गोष्टी. बाजू अगदी काटकोनात नकोत, तोंडाकडे पाचेक अंश उघडत्या ठेवा, नाहीतर खण साच्यातून सुटत नाही. आणि छिन्नीचे घाव आत वळणारे नकोत. घाव बाहेरच्या दिशेनं उतरते ठेवले की साचा एकसंध चालतो, नाहीतर तीन तुकड्यांचा करावा लागतो.

आता जिवाची गोष्ट. रेझिन आवळायला लागणारे कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत कधीही थेट मिसळायचे नाहीत. स्फोट होतो, शब्दशः. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. दोन्हींचे मग वेगळे, ते ओतणारा माणूस एकच. हार्डनर एक ते दीड टक्का, मे महिन्यात एकच्या वर जाऊ नका. जास्त घातलं की बादली धूर काढते आणि माल तडकतो.

चुनाभट्टी

साच्याचं मान्य. पण नऊ खण एकाच साच्यातले आहेत हे तिसऱ्या शॉटला कळतं. तोच पोपडा, तोच टवका, नऊ वेळा.

फायबरवाला

म्हणून साच्यात फक्त ढोबळ घाव ठेवायचे. बसवल्यावर प्रत्येक खणावर हातानं पीओपीचे तीन-चार ठिगळ आणि टवके. शिवाय नऊपैकी चार खण आरशात पाहिल्यासारखे वाटावेत म्हणून लाइट उलट्या बाजूनं. डोळा घावापेक्षा सावली ओळखतो.

रंगारी

दगड कुठला हे आधी ठरवा. मुंबईत बसून दगड करायचा तर बेसाल्ट, तो दारात आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर जाऊन उभे खांब बघा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना पडलेले. उभी भेग, मध्येच आडवी फट, मुरलेल्या पाण्याचे तांबूस ओघळ. उभ्या थडग्यांना ती पोत आपोआप शोभते. कोरलेल्या पृष्ठभागासाठी कान्हेरी. तिथे स्मारक-स्तूपांची निर्वाणवीथीही आहे, पण ती पवित्र जागा आहे, तिथून फक्त छिन्नीच्या रेघा शिकायच्या. बोरिवलीत एक्सरचे वीरगळ आहेत, झिजलेलं कोरीव काम कसं दिसतं ते तिथे कळतं. उठावाची टोकं आधी जातात, खोलगट जागा शाबूत राहतात. सेटवर लोक उलटं करतात, सगळीकडे सारखं पॉलिशपेपर मारतात.

रंगाचा क्रम: राखी बेस, त्यात काजळ आणि चिमूटभर पिवडी. नुसता काळा आणि पांढरा मिसळला तर निळसर सिमेंट दिसतं. वरून पातळ काळं पाणी, ते भेगांत उतरू द्यायचं. मग जवळजवळ कोरडा ब्रश फिकट राखी रंगात बुडवून फक्त कडांवरून. ओघळांना गेरू, पण तो वरून खाली सोडायचा, ब्रशनं काढायचा नाही. शेवाळाला लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून फेव्हिकॉलवर पेरायचा. जिथे पाणी साचेल तिथेच, पाण्याच्या वाटेत नसलेलं शेवाळ खोटं दिसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दगड काळा हवा म्हणून काळा रंगवणं. अंधाऱ्या प्रसंगात कॅमेऱ्यात त्याचा चिखल होतो, खण आणि भिंत वेगळी दिसत नाही. डोळ्याला हवा त्यापेक्षा दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ रंगवा आणि काळेपणा लाइटवर सोडा. कॅमेरा रंग कसा खातो याची टेस्ट घेतल्याशिवाय बेस ठरवू नका. 'हॉबिट'च्या वेळी त्यांच्या डिजिटल कॅमेऱ्यात रंग फिके पडत होते म्हणून सेट डोळ्याला भडक वाटतील असे रंगवले होते. ४८ फ्रेमवर शूट करून रंगकामाची प्रत्येक लबाडी दिसायला लागली ते वेगळंच.

ओला दगड हवा असेल तर आधी पाण्यातला मॅट सीलर दोन हात, मग शॉटच्या आधी पाणी आणि थोडं ग्लिसरीन फवारायचं. सीलरशिवाय पाणी मारलं तर पीओपी ते शोषून मऊ पडतं. पायऱ्यांवर ग्लिसरीन नको, नट घसरतो.

लाइटमन_नाही_गॅफर

रंगारींना जोड. समोरून लाइट टाकला की सगळी छिन्नी पुसली जाते. भिंतीला घासून जाणारा लाइट हवा. आत आलेल्याच्या हातातला दिवा हाच एकमेव उगम वाटला पाहिजे, आणि त्याच्या उजेडाला खणाची पाठ कधीच पूर्ण दिसू नये.

हातातल्या दिव्यात स्वस्त एलईडी असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारा लुकलुकतो. २४ फ्रेमला शटर १७२.८ अंश ठेवा, एक्स्पोजर बरोबर सेकंदाचा पन्नासावा भाग होतं. ४८ फ्रेमला हाच कोन शंभरावा भाग देतो, तोही चालतो. बॅटरीवरचा दिवा घेतला तरी डिमर लावून बघा, लुकलुक बहुतेक तिथेच असते.

खऱ्या मशाली पीओपीपासून दूर ठेवल्या म्हणून भागत नाही. मागे थर्माकोल आहे आणि तो जळताना टपकतो, काळा धूर पाच मिनिटांत अख्खा फ्लोअर भरतो. ज्वाळा हवीच तर भिंतीपासून सहा फूट, वर उघडं, आग विझवणारा माणूस हातात सिलिंडर घेऊन, आणि काढती भिंत त्या वेळी उघडी. गोल सेटला एकच दार असणं रचनेत छान, शूटिंगला नाही.

खालचा_धूर

थडग्यातून वाहणारं धुकं म्हटलं की ड्राय आइस मागवतात. ते खाली बसतं म्हणून सुंदर दिसतं, आणि खाली बसतं म्हणूनच घातक आहे. तो कार्बन डायऑक्साइड आहे, हवेपेक्षा जड.

चुनाभट्टींच्या प्लॅटफॉर्ममध्ये ७ बाय ३ फुटांचा, ४ फूट खोल खड्डा आहे असं धरा. आकारमान सुमारे २.४ घनमीटर. एक किलो ड्राय आइसचा वायू होतो अर्धा घनमीटर किंवा थोडा जास्त. तो सगळा खड्ड्यात उतरला तर आतली जवळजवळ पाव हवा तीच. दहा टक्क्यांनाच माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. आणि सेटवर एक किलो कोणी आणत नाही.

म्हणून खड्ड्यात किंवा शवपेटीत माणूस झोपलेला असेल त्या शॉटला ड्राय आइस नाही, विषय संपला. तिथे ग्लायकॉलचा धूर, तोही थंड करून सोडला तर बराचसा खाली राहतो. माणूस नसलेल्या शॉटला चालेल, पण खड्ड्याच्या तळाशी प्लॅटफॉर्मच्या बाजूला फूटभराचं भोक ठेवा आणि कट झाल्यावर पंखा लावून दहा मिनिटं कोणाला उतरू देऊ नका. कार्बन डायऑक्साइडचा मीटर खड्ड्याच्या तळाशी ठेवायचा, कॅमेऱ्याच्या उंचीवर नाही. उघड्या हातानं उचलू नये हे सांगायला नकोच, उणे ७८ अंश असतं.

धुळीसाठी मुलतानी माती चाळून. बंद गोल सेटमध्ये ती तासभर हवेत राहते, तालमीला मास्क.

कान

दगडावर चालताना लाकडाचा 'धप' ऐकू येतो तो डबिंगमध्ये काढायला दिवस जातात. प्लॅटफॉर्मच्या १८ मिलिमीटर प्लायखाली दर दोन फुटांवर आधार आणि पोकळीत गोणपाट कोंबलेलं, एवढ्यानं अर्धं काम होतं. वर रबर शीट, त्यावर पोत.

घुमारा सेटवर शोधू नका. थर्माकोल आणि चौकटीची भिंत दगडासारखी घुमत नाही. कोरडा आवाज घ्या, घुमारा मागून.

जोडणी

व्हीएफएक्ससाठी वरची कड सरळ कापू नका. १६ फुटांवर सगळी भिंत एका रेषेत संपली की जोड कळतोच. दोन-तीन फुटांचा चढउतार ठेवा. शेवाळ हिरवं असेल तर मागे निळा पडदा. सेट मोडण्याआधी भिंतीचे सपाट लाइटमध्ये, प्रत्येक फोटो आधीच्यावर ७० टक्के चढेल असे फोटो काढा. वरचे साठ फूट त्याच पोतीतून वाढवता येतात.

वाचनवेडी

एक शंका. आतून काहीतरी बाहेर पडलंय हे दाखवायचं तर खणाच्या आत नखांचे ओरखडे असावेत का?

परांची

नकोत. ओरखडे म्हणजे आतला असहाय होता. इथे त्याला फक्त वाट बघायची होती. आतली भिंत गुळगुळीत ठेवा, अगदी अंग घासून झाल्यासारखी, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर.

गधेगळ

आणि उंबऱ्यातले खिळे उपटलेले नकोत. वर आलेले हवेत. प्रत्येक खिळा इंचभर वर, सगळे सारखे.

लोहारकाम

वाह. मग गजांचंही सांगतो, कारण खरी फसगत तिथे होते.

३ फुटांच्या खणाला ५ इंचांच्या अंतरानं ६ उभे गज. खरी २० मिलिमीटरची सळई घेतली तर वजन मीटरला व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे २.४७ किलो. सात फुटांच्या गजाचे सव्वापाच, सहांचे ३२, नऊ खणांचे २८५ किलो. एवढं फायबरच्या खणावर टांगलं तर खण फाटतो. म्हणून जिथे नट हात लावतो तो एकच खण खऱ्या लोखंडाचा, मागे स्वतंत्र चौकटीला बसवलेला. बाकी पीव्हीसी पाइप. आत कोरडी वाळू घट्ट भरून हीट गननं तापवा आणि वाकवा. वाळू नसेल तर पाइप चपटा होतो आणि प्लास्टिक लगेच ओळखू येतं. गंज म्हणून बारीक भुसा आणि फेव्हिकॉल, वर गेरू, मग काजळ.

वाकवताना दिशा बघा. आतून ढकललेला गज मध्ये बाहेर फुगतो, टोकं दगडातच राहतात. हातानं ओढल्यासारखे बाजूला सारलेले गज म्हणजे कोणीतरी बाहेरून सोडवायला आलं होतं, गोष्टच बदलली. वाकाच्या बाहेरच्या बाजूला गंज तडकून आतलं करडं लोखंड दिसलं पाहिजे, तिथे गेरू खरवडा. वाक जुना दाखवायचा असेल तर खरवडल्यावर परत पातळ गेरू.

राडारोडा सगळा उंबऱ्याच्या बाहेर. आत एक खडाही नको. सेट झाडणाऱ्या दादांना ते आधी सांगा, नाहीतर सकाळी कोणीतरी नीटनेटकं करून सगळं खणात लोटून ठेवलेलं असतं.

काळाकातळ

खड्ड्यावरच्या झाकणाच्या शिळेचं राहिलं. ७ बाय ३ फूट, अर्धा फूट जाड. बेसाल्टची खरी असती तर ८६० किलोंच्या घरात. फायबरची चौकटीसकट वीस-बावीस. चार जणांनी ती उचलून बाजूला ठेवली की प्रेक्षक हसतो.

फायबरवाला

आत वाळूच्या पिशव्या टाकून साठ किलोंपर्यंत न्या, कोपऱ्यात सारख्या. आणि उचलू देऊ नका. पहार, लाकडी ओंडके, एका बाजूनं सहा इंच सरकवणं, एवढंच. शिळेचं टोक खाली येताना आपटू नये म्हणून तिथे अर्ध्या इंचाचं रबर, दगडी आवाज 'कान' मागून टाकतील.

कान

टाकतो. पण सरकवताना तळाला रबर घासलं की चुरचुर येते. रबर फक्त टोकाला, तळाला नाही.